तेराव्यानंतरचा आधार

घरातल्या माणसाने जीव दिला की कोकणात पहिले तेरा दिवस घर भरलेलं असतं. भावकी येते, चाकरमानी मिळेल त्या गाडीने मुंबईहून पोचतात, शेजारून जेवण येतं. चौदाव्या दिवशी अंगणात चपला नसतात. खरी सोय करायची ती त्या दिवसापासूनची, आणि ती करायची घर भरलेलं असतानाच.

कुणीतरी जाणत्याने वही घेऊन बसावं. 'काही लागलं तर सांगा' हे वाक्य निरुपयोगी आहे, कारण दुःखातला माणूस सांगत नाही. अशा मृत्यूत तर लाजेपोटी मुळीच सांगत नाही. म्हणून नाव, वार आणि काम लिहून घ्या. मुंबईच्या पुतण्याने दर रविवारी रात्री फोन करायचा. शेजारच्या काकूंनी तिन्हीसांजेला अर्धा तास येऊन बसायचं, कारण दिवेलागणीची वेळ सगळ्यात जड जाते. बाजारहाट एकाकडे, तालुक्याला नेणं-आणणं दुसऱ्याकडे. हे निदान तीन महिने चालावं. आलेल्याने बोललंच पाहिजे असं नाही, पण गेलेल्या माणसाचं नाव टाळू नये.

कागदपत्रांसाठी एकच माणूस नेमा, शक्यतो दुःखाच्या थेट धगीत नसलेला. पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात, पंचनामा आणि शवविच्छेदन होतं. नोंद झाली म्हणजे घरच्यांवर गुन्हा दाखल झाला, असं नाही. या गैरसमजाने माणसं उगाच खचतात. मृत स्त्रीच्या लग्नाला ७ वर्षं झाली नसतील तर दंडाधिकाऱ्यांमार्फतही चौकशी होते, त्याने घाबरू नये. जबाब वाचून मगच सही करा. 'आठवत नाही' हेही उत्तर असतं. चिठ्ठी किंवा मोबाइल पोलिसांनी नेला तर पंचनाम्यात त्याची नोंद झाली का ते पाहा, आणि चिठ्ठीची प्रत लेखी अर्ज करून मागा. त्या चिठ्ठीचा फोटो भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाऊ देऊ नका. एकदा गेला की परत येत नाही.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. बँकेचं पासबुक भरून आणा आणि मेअखेरीस ४३६ रुपये कापलेत का ते बघा. कापले असतील तर तो पंतप्रधान जीवनज्योती विमा: २ लाखांचा, आत्महत्येलाही लागू, मात्र नव्याने नाव घातल्यावरचे पहिले ३० दिवस सोडून. २० रुपयांचा सुरक्षा विमा फक्त अपघाताचा, त्यातून काही मिळत नाही. इतर आयुर्विम्यात पॉलिसी सुरू होऊन, किंवा बंद पडलेली पुन्हा चालू करून, १२ महिने झाले असतील तर साधारणपणे पूर्ण रक्कम मिळते. 'आत्महत्या म्हणजे विमा बुडाला' असं कुणी छातीठोक सांगितलं तरी अर्ज कराच.

लोकांना काय सांगायचं, ते घरात बसून ठरवा. 'हार्ट अटॅक आला' ही गोष्ट वाडीत टिकत नाही. शवविच्छेदन झालेलं साऱ्यांना माहीत असतं, आणि मग घरच्यांना दोन ओझी वाहावी लागतात. 'त्याने जीव दिला. जास्त बोलायला आत्ता बळ नाही,' एवढं पुरतं. कसं झालं, कुठे झालं हे सांगायला तुम्ही बांधील नाही. वार्ताहर आला तर पद्धत आणि फोटो छापू नका म्हणून ठाम सांगा. प्रेस कौन्सिलच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात.

मुलांना 'बाबा मुंबईला गेले' म्हणू नका. ती वाट बघत बसतात आणि खरं शेवटी शाळेत कळतं, तेही टोमण्यातून. लहानग्याला: 'बाबांच्या मनाला फार मोठं दुखणं झालं होतं, त्यात त्यांनी स्वतःचा जीव घेतला. यात तुझी काही चूक नाही.' शेवटचं वाक्य पुन्हापुन्हा सांगावं लागतं, कारण आपण हट्ट केला म्हणून हे झालं असं मुलांना मनातून वाटत असतं. वर्गशिक्षकांनाही कळवा.

मग कुणीतरी कौल लावायला सांगेल, बाधा काढायला सांगेल. धार्मिक विधीने घराला बरं वाटत असेल तर करावा, पण मोठ्या खर्चाचा निर्णय पहिल्या तीन महिन्यांत घेऊ नये. आणि 'हिनेच करणी केली' म्हणून विधवेकडे बोट दाखवलं गेलं तर तिथेच थांबवा. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली तो गुन्हा होऊ शकतो. नाक्यावर ठरलेलं एकच कारण, कर्ज, सासू, प्रेमप्रकरण, तेही मानू नका. एकाच कारणाने असं सहसा घडत नाही. 'मी तो फोन उचलला असता तर' हा विचार येईलच. पण आज जे माहीत आहे ते त्या दिवशी माहीत नव्हतं, हे जवळच्याने शांतपणे, न कंटाळता सांगत राहावं.

महिना उलटूनही तेच दृश्य झोपेत येत असेल, अन्न जात नसेल, दारू वाढली असेल, तर डॉक्टर गाठा. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. अलिबाग, रत्नागिरी आणि ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची चौकशी करा. जाण्याआधी बाह्यरुग्ण विभागाचे वार फोन करून विचारून घ्या, नाहीतर एवढी एसटीची फेरी फुकट जाते. घरबसल्या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक २४ तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. 'घरात आत्महत्या झाली आहे, मी त्याची बायको' असं पहिल्याच वाक्यात सांगा, म्हणजे फिरवून बोलावं लागत नाही. पुण्याची 'कनेक्टिंग' संस्थाही अशा कुटुंबांसाठी काम करते.

'मलाही त्याच्याकडे जावंसं वाटतं' असं कुणी म्हणालं तर विषय बदलू नका. 'जीव द्यायचा विचार येतो का?' असं सरळ विचारा. विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. त्या रात्री त्या माणसाला एकटं सोडू नका, आणि आंब्याच्या फवारणीची औषधं नि घरातल्या गोळ्या दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवा. धोका लगेचचा वाटला तर ११२ ला फोन करा.

पहिला गणपती अवघड जातो. यंदा मूर्ती आणायची की नाही, की भावाच्या घरी बसवायची, हे पंधरा दिवस आधी ठरवा, आणि चतुर्थीच्या आदल्या रात्री वहीतलं एक माणूस तरी वस्तीला येईल असं बघा.