टॉर्चचा रिफ्लेक्टर गुळगुळीत घ्यावा की दाणेदार? या चुका टाळा

टॉर्चच्या काचेतून आत बघितलं की एकात एलईडीभोवतीची वाटी म्हणजे रिफ्लेक्टर आरशासारखा चकचकीत दिसतो आणि दुसऱ्यात संत्र्याच्या सालीसारखा बारीक खळग्यांचा, हाच दाणेदार, त्याला ऑरेंज पीलच म्हणतात. हा दुसरा म्हणजे फिनिशिंग न केलेला स्वस्तातला माल असं खूप जणांना वाटतं, पण ते खळगे मुद्दाम पाडलेले असतात, मधला झगझगीत ठिपका जरा पसरावा आणि त्याची कड मऊ व्हावी म्हणून.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे घरी आल्या आल्या पांढऱ्या भिंतीवर हातभर अंतरावरून झोत मारायचा आणि वलयं दिसली की टॉर्च परत पाठवायची. गुळगुळीत रिफ्लेक्टर एलईडी जशी आहे तशीच पुढे फेकतो, त्यामुळे भिंतीवर सगळं उघडं पडतं, पण तीच टॉर्च बाहेर झाडावर मारा, वलयं शोधून सापडणार नाहीत. एक्सएचपी७० सारख्या चार तुकड्यांच्या मोठ्या एलईडीत मात्र मधोमध काळसर फुली उमटू शकते, तिथे दाणेदारच घ्या.

आता लांब पल्ल्याचं. दाणेदार घेतला तर लांबचं दिसणारच नाही ही भीती उगाच आहे. पल्ला मोजतात तो पौर्णिमेच्या चांदण्याइतका म्हणजे ०.२५ लक्स उजेड जिथवर पोचतो तिथपर्यंत, आणि गणित सोपं आहे, कँडेलाचं, म्हणजे झोताच्या तीव्रतेच्या मापाचं, वर्गमूळ गुणिले दोन. १०,००० कँडेलाला २०० मीटर. समजा खळग्यांमुळे २० टक्के कँडेला गेले, तरी ८,००० ला साधारण १७९ मीटर येतात! पल्ल्यात खरा फरक पाडतो तो रिफ्लेक्टरचा व्यास आणि एलईडीचा लहान आकार, नुसतं लुमेन म्हणजे एकूण उजेड बघून तर घेऊच नका.

रात्रीची लाईट असते म्हणून पिकाला पाणी द्यायला जाणाऱ्यांनी दाणेदार घ्यावा असं मी आग्रहाने सांगेन, कारण बांधावर साप बघायचा असतो पायापुढच्या दहा फुटांत, आणि गुळगुळीतचा कडक ठिपका जवळ मारला की डोळे दिपतात आणि बाजूचं गवत काळं वाटतं. धुक्यात मात्र खळग्यांचा उपयोग नाही, कारण धुक्यावरून डोळ्यांवर परत येणारा कडेचा उजेड एलईडीतून रिफ्लेक्टरला न लागता थेट बाहेर येतो, तो दोन्हीत सारखाच. तिथे टॉर्च कमरेजवळ धरा, डोळ्यापाशी नको.

आणि कृपा करून रिफ्लेक्टर पुसू नका! मी एकदा धूळ दिसली म्हणून चष्म्याच्या मऊ फडक्याने एक गुळगुळीत रिफ्लेक्टर हलकेच पुसला, तर केसासारखे गोल गोल ओरखडे उठले ते कायमचे, ॲल्युमिनियमचा तो थर इतका पातळ असतो. कॅमेऱ्याचा हवेचा फुगा घ्या, धूळ उडवा, बस्स.

झोताच्या मधोमध काळं भोक दिसत असेल तर दोष रिफ्लेक्टरच्या प्रकाराचा नाही, एलईडी फोकसवर नाही. पुढची रिंग घट्ट आवळून बघा. ठिपका एका बाजूला सरकलेला असेल तर एलईडीभोवतीची प्लास्टिकची छोटी चकती हललेली असते, ती सरळ बसवा, पण काढून मात्र टाकू नका, कारण धातूचा रिफ्लेक्टर खालच्या सोल्डरला टेकला तर तिथेच शॉर्ट होतो.