कोर्लईच्या दीपगृहाशेजारी चित्रकाराचा पहिला आठवडा

दीपगृहातच मुक्काम मिळेल म्हणून थांबून राहू नका. मी रायगड जिल्ह्यातल्या कोर्लई गावात खोली घेतली आणि रोज चालत गेले. कुंडलिका नदी समुद्राला मिळते तिथल्याच टेकडीवर दीपगृह आहे. आत जायची वेळ आणि फोटोंची परवानगी तिथल्या कर्मचाऱ्यांना आधीच विचारा.

पहिले दोन दिवस रंग उघडूच नका. अंधार पडला की किनाऱ्यावर बसून दोन झोतांमधले सेकंद मोजा. प्रत्येक दीपगृहाची लय वेगळी असते, खलाशी त्यावरूनच ते ओळखतात. मी ते आकडे वहीच्या समासात लिहिले आणि चित्रातली मोकळी जागा त्यावरून ठरवली.

भिंगाजवळ जायला मिळालं तर हात न लावता कडा बघा. काच जिथे संपते तिथे तांबडी-निळी बारीक रेघ दिसते. फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाचं असं भिंग १८२३ मध्ये फ्रान्समधल्या कोर्दुआँ दीपगृहात पहिल्यांदा लागलं. ती रेघ फोटोत हरवते, म्हणून जागेवरच रंगवा.

जलरंगाला खारी हवा फार छळते. आकाश सुकलं असं वाटलं तरी बोटाच्या मागच्या बाजूने कागद चाचपा. गार लागला तर थांबा. मी घाई केली आणि क्षितिज वर पसरलं. कागद प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ठेवा, पावसाळ्यात तर नक्कीच.

आणि दुपारी गावात बसा. ख्रिस्ती घरांतल्या आज्या आजही पोर्तुगीज वळणाची बोली बोलतात. मी ती ऐकत ऐकतच हातांची रेखाटनं केली.