कासामान्समध्ये भातकापणीला मदत करायची तर

विळा न्यायची गरज नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलच्या दक्षिण भागात, कासामान्स नदीच्या खोऱ्यात, जोला लोकांची गावं आहेत. तिथे बायका भाताचा चुडका मुठीत धरून कापत नाहीत, छोट्या सुरीने एकेक लोंबी खुडतात. वेळ लागतो खरा. पण एकाच खाचरात काही लोंब्या आधी पिकतात, काही मागून. शिवाय आफ्रिकेतल्या मूळच्या भाताचे दाणे पिकले की लगेच झडतात. म्हणून हेच शहाणपणाचं.

पाऊस ऑक्टोबरात ओसरतो, कापणी साधारण नोव्हेंबर ते जानेवारी चालते. जायच्या आधी खाचर कुणाचं ते विचारा आणि त्या घरच्या बाईची परवानगी घ्या. ‘कासुमाय’ म्हणून विचारपूस झाल्याशिवाय कामाचं बोलू नका. उत्तर ‘कासुमाय केप’. बऱ्याच गावांत ‘कायेंदो’ या लांब दांड्याच्या फावड्याने जमीन उलटायची ती पुरुषांनी, लावणी आणि कापणी बायकांची. पाहुणा पुरुष असेल तर त्याने कोणतं काम करावं हे त्यांनाच ठरवू द्या.

आता हात. सुरी उजव्या तळव्यात, पातं बोटांकडे. लोंबीखाली वीतभर देठ ठेवून अंगठ्याने तो पात्यावर दाबा, ओढू नका. ओढलं की दाणे चिखलात. तोडलेल्या लोंब्या डाव्या हातात, टोकं एका दिशेला. मूठ भरली की भाताच्याच काडीने बांधा. पेंढी सैल राहिली तर वाटेत सुटते, आणि हसू तुमचंच होतं. बियाण्याच्या लोंब्या मात्र तुम्ही निवडू नका, ती नजर घरच्या बाईची.

खारफुटी तोडून, बांध घालून केलेली खाचरं असतील तर बांधाच्या कडेवर पाय देऊ नका. गोव्यातल्या खाजणात शेती करणाऱ्याला हे सांगायला नको: बांध फुटला की खारं पाणी आत.

पेंढ्या वाळवून, न झोडता कणगीत रचतात आणि लागेल तसं उखळात कांडतात. कणगीत किती साठा आहे, हे विचारू नका.

जेवण एकाच मोठ्या थाळ्यात येईल. उजव्या हाताने, आपल्या पुढ्यातलंच खा. मधला मासा यजमानीण तोडून तुमच्याकडे सरकवते, तोवर थांबा.