कमी खर्चात लग्नपत्रिका: यादीपासून वाटपापर्यंत

हॉल मिळाला, मुहूर्त निघाला की घरात पत्रिकांचे नमुने बघायची घाई सुरू होते. खर्च हाताबाहेर जातो तो इथेच. आधी यादी करा, मग दुकानाची पायरी चढा.

यादी करताना माणसं मोजू नका, घरं मोजा. पत्रिकेत 'सहकुटुंब सहपरिवार' लिहिलेलं असतंच, त्यामुळे एका घराला एक पत्रिका पुरते. चारशे पाहुणे धरले तरी पत्रिका दीडशेच्या आसपासच लागतात. यादीचे तीन भाग पाडा: घरी जाऊन द्यायच्या, पोस्टाने गावी पाठवायच्या आणि व्हॉट्सॲपवर भागणाऱ्या. ऑफिसात सगळ्यांना मिळून एक पुरे. आकड्यावर १५-२० जास्तीच्या धरा, कारण ऐनवेळी कुणीतरी आठवतंच आणि पुन्हा थोड्याच छापणं महाग पडतं. ऑफसेट छपाईत, म्हणजे प्लेट बनवून छापण्यात, प्लेटचा खर्च वीस प्रतींना जेवढा, तेवढाच दोनशेंना. मोजक्याच पत्रिका हव्या असतील तर डिजिटल प्रिंट घ्या.

मुंबईत पत्रिकांसाठी गिरगाव गाठावं. कांदेवाडीत, खाडिलकर रोडवर पत्रिकांची दुकानं ओळीने आहेत, चर्नी रोड स्टेशनवरून चालत जाता येतं. तुळशीचं लग्न लागलं की तिथे गर्दी होते. जमल्यास दिवाळीआधीच जाऊन या, दुकानदार निवांत बोलतो. खास डिझाइन करून घेण्यापेक्षा तयार पत्रिकेवर मजकूर छापून घेणं बरंच स्वस्त. दर विचारताना पाकीट, छपाई आणि मजकूर जुळणी त्यात धरली आहे का, हे स्पष्ट विचारा. वधूपक्ष आणि वरपक्ष दोघांनी एकच नमुना निवडून एकत्र ऑर्डर दिली, तर भावात घासाघीस करता येते. मजकूर वेगळा असला तरी चालतो.

पेटीसारख्या, चार-चार पानांच्या पत्रिकांचा मोह टाळा. ए-५ आकाराचं, ३०० जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणाऱ्या जाड कागदाचं) एक पान साधारण सव्वानऊ ग्रॅम भरतं. पाकिटासकट ते बहुधा २० ग्रॅमच्या आत बसतं आणि साध्या टपालाचा दर २० ग्रॅमच्या टप्प्याने वाढतो. हळद, संगीत यांची वेगळी पानं छापू नका. ज्यांना बोलवायचं त्यांना फोन करा.

मजकुरात जागा खातात ती नावं. काका, आत्या, मामा, शिवाय खाली 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी चिल्लीपिल्ली. एक नाव राहिलं की रुसवा ठरलेला. म्हणून एका पिढीतली सगळी नावं घाला, नाहीतर एकही नको. सरळ 'समस्त परिवार' लिहा. आहेर नको असेल तर ती ओळ आताच घाला. हॉलच्या पत्त्यात जवळचं स्टेशन आणि पूर्व की पश्चिम हे हवंच.

प्रूफवर, म्हणजे छपाईआधीच्या तपासणीच्या प्रतीवर, मात्र वेळ घालवा. तुम्ही मोबाइलवर टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांच्या आजच्या प्रमाण पद्धतीत असतो आणि बरेच दुकानदार अजून जुन्या फॉन्टवर काम करतात. मजकूर त्या फॉन्टमध्ये बदलताना रफार सरकतो, जोडाक्षर फुटतं, 'र्‍या'चं भलतंच होतं. त्यामुळे स्क्रीनवर बघून होकार देऊ नका, कागदावर छापलेलं प्रूफ मागा. एकाने मोठ्याने वाचावं, दुसऱ्याने मूळ कागदाशी ताडावं. तारीख आणि वार कॅलेंडरशी जुळवा. मुहूर्ताची मिनिटं गुरुजींच्या चिठ्ठीवरूनच तपासा. वधूवरांची नावं आधारकार्डावर आहेत तशीच ठेवा. लाडकं नाव हवंच असेल तर कंसात. प्रूफ पक्कं झालं की त्याचीच पीडीएफ मागून घ्या, व्हॉट्सॲपसाठी वेगळं कार्ड करायचा खर्च वाचतो.

वाटप महिनाभर आधी सुरू करा. पहिली पत्रिका रीतीप्रमाणे देवापुढे, मग रेल्वेच्या मार्गाने आखणी: एका रविवारी दादर ते बोरिवली, दुसऱ्या रविवारी ठाणे, डोंबिवली, कल्याण. मेगाब्लॉक कुठे आहे ते आदल्या दिवशी बघून घ्या. वडीलधाऱ्यांकडे अक्षता घेऊन स्वतः जावं, यात काटकसर नको. व्हॉट्सॲपची पत्रिका ग्रुपवर टाकून मोकळं होणं मला पटत नाही. एकेकाला नावानिशी पाठवा आणि पाठोपाठ फोन करा. माणसं येतात ती त्या फोनमुळे.

सगळं मोबाइलवरच करायचं ठरवलंत तरी दहा-बारा पत्रिका कागदावर छापाच. महापालिकेत विवाह नोंदणी करताना कागदपत्रांत लग्नपत्रिका मागतात, नसेल तर प्रतिज्ञापत्र करावं लागतं. पाकिटावर नाव न घातलेल्या दोन पत्रिका आधारकार्डाच्या झेरॉक्स आणि फोटोंसोबत फाइलमध्ये आताच लावून ठेवा.