मार्टीनेझच्या काठावरून पट्टेरी बास

रेवदंड्याला कुंडलिकेच्या खाडीवर मी बाबांबरोबर गळ टाकायला बसायचे. जिताडा लागला की बाबा एवढंच म्हणायचे, "दोरी ढिली सोडू नको गं." बऱ्याच वर्षांनी कॅलिफोर्नियात, मार्टीनेझच्या काठावर, माझ्या गळाला पहिला पट्टेरी बास लागला, आणि मी ओरडून स्वतःलाच तेच सांगत होते. मासा दगडांपाशी आला तेव्हा क्षणभर जिताडाच वाटला. तसंच भक्कम डोकं, तसाच पुढे आलेला खालचा जबडा, तशीच रुपेरी चमक. फक्त अंगावर डोक्यामागून शेपटीपर्यंत सात-आठ काळ्या रेघा. इथले गळवाले त्याला स्ट्रायपर म्हणतात.

सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास, बे एरियात, राहणारे कोकणातले बरेच जण मला विचारतात की होडीशिवाय हा मासा मिळतो का. मिळतो. मी कधीच होडीतून पकडलेला नाही. काठावरून कसा पकडायचा ते माझ्या अनुभवातून सांगते.

आधी एक गोष्ट कळायला हवी, ती म्हणजे हा मासा इथला नाही. १८७९ साली लिव्हिंग्स्टन स्टोन या मत्स्यतज्ज्ञाने न्यू जर्सीच्या नेव्हसिंक नदीतली पिल्लं पाण्यात ठेवून रेल्वेने अख्खा खंड ओलांडून आणली. वाटेत जगली तेवढी १३२ पिल्लं त्याने मार्टीनेझपाशी कार्कीनेझच्या सामुद्रधुनीत सोडली. १८८२ मध्ये आणखी सुमारे ३०० पिल्लं थोडं वर, सुइसून खाडीत सोडली गेली. एवढंच बियाणं. पण वीस वर्षांच्या आत जाळीवाले वर्षाला दहा लाख पौंडांच्या वर बास बाजारात नेत होते. १९३५ मध्ये धंद्यासाठीची मासेमारी बंद झाली आणि तेव्हापासून हा फक्त गळवाल्यांचा मासा आहे. मी बसते त्या काठामागून आजही अ‍ॅमट्रॅकची गाडी धडधडत जाते. माझा मुलगा प्रत्येक गाडीला हात करतो.

हा मासा खादाड आहे. समुद्राकडे निघालेली सॅमनची पिल्लं तो खातो. डेल्टा स्मेल्ट नावाचा बोटाएवढा मासा जगात फक्त इथल्या खाडी-डेल्टात राहतो. १९९३ पासून तो सरकारी यादीत संकटात आहे, आणि तोही बासच्या तोंडी जातो. इथल्या मूळ माशांच्या ऱ्हासात धरणांचा आणि नद्यांचं पाणी दक्षिणेकडे ओढणाऱ्या प्रचंड पंपांचा वाटा मोठा आहे, सगळं खापर बासवर फोडणं मला पटत नाही. तरी दीडशे वर्षांपूर्वी माणसाने उचलून आणलेल्या या माशाची किंमत इथले मासे मोजतायत, हे गळ टाकताना माझ्या मनात असतं. नियमात बसणारा बास घरी न्यायला मी कचरत नाही. मूळ रहिवासी चुकून लागला तर मात्र माझे हात फार हळू चालतात. त्याबद्दल पुढे सांगते.

परवाना सोळा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला लागतो. सॅन फ्रान्सिस्को खाडीतल्या सार्वजनिक धक्क्यांवर परवाना लागत नाही हे ऐकून लोक मार्टीनेझलाही तसेच येतात. कार्कीनेझ पुलाच्या आतलं, म्हणजे नद्यांकडचं, पाणी खाडीत धरत नाहीत, तेव्हा इथे परवाना हवाच. २०२३ पासून घेतल्या दिवसापासून ३६५ दिवस चालणारा परवाना मिळतो. बास १८ इंचांहून लहान असेल तर सोडायचा, आणि दिवसाला माणशी दोनच. नियम बदलतात, म्हणून मोसम सुरू होण्याआधी राज्याच्या मत्स्य आणि वन्यजीव विभागाचं चालू पुस्तक एकदा वाचून घ्या.

आता पाण्याबद्दल, कारण खरी विद्या तिथे आहे. कोकणात आम्ही तिथीची पाऊणपट करायचो. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती. बाबा पाणी न बघता वेळ सांगायचे. इथे हा हिशोब चालत नाही. आपल्याकडेही दोन भरत्यांत थोडा फरक असतो, पण इथे तो डोळ्यांत भरण्याइतका. एक मोठी, एक छोटी, आणि ओहोट्यांचंही तसंच. मोठ्या भरतीमागून बहुतेक वेळा मोठी ओहोटी येते, आणि मला तीच हवी असते. शिवाय गोल्डन गेटला, म्हणजे खाडीच्या तोंडाशी, भरती आल्यावर साधारण दोन तासांनी ती मार्टीनेझला पोचते. त्यामुळे तक्ता मार्टीनेझचाच बघा, आणि भरतीच्या वेळेबरोबर प्रवाहाचा तक्ताही बघा. पाणी चढायचं थांबलं म्हणजे प्रवाह लगेच उलटतो असं नाही, हे कुठल्याही खाडीवाल्याला सांगायला नको.

कॅलिफोर्नियाच्या जवळजवळ चाळीस टक्के भूभागाचं पाणी सॅक्रॅमेंटो आणि सॅन होकीन या दोन नद्यांतून येऊन या मैलभरही रुंद नसलेल्या फटीतून समुद्राकडे जातं. उधाणाच्या ओहोटीला इथे आठ औंसांचं शिसंही तळाला ठरत नाही. मला सगळ्यात जास्त मासे ओहोटीच्या पहिल्या दोन तासांत मिळाले आहेत, प्रवाह भरात येत असताना. भांगाच्या, म्हणजे छोट्या भरती-ओहोटीच्या, दिवशी पाणी मंद असतं. तेव्हा मासा कमी लागतो, पण नवख्याला शिकायला तेच दिवस बरे, कारण दोरी कुठे चालली आहे ते कळतं.

महिने म्हणाल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर पहिला. उन्हाळ्यात मोठा बास खाडीत आणि पॅसिफिका गावाच्या बाजूला समुद्रावर असतो. थंडीकडे तो आत सरकतो, आणि एप्रिल ते जून नद्यांत वर जाऊन अंडी घालतो. ती अंडी तळाला बसत नाहीत, वाहत्या पाण्याबरोबर तरंगत उतरतात आणि दोनेक दिवसांत फुटतात. वर जाणारा मासा मार्च-एप्रिलमध्ये आमच्या समोरून जातो, तो दुसरा मोसम. उन्हाळ्यात दुपारनंतर सामुद्रधुनीत पश्चिमेचा वारा असा सुटतो की गळ फेकणं अवघड होतं. त्या दिवसांत पहाटे जा, दहाला आवरा.

जागेसाठी पलीकडच्या बनीशाच्या काठावरचा डिलन पॉइंटही चांगला आहे. कुठेही गेलात तरी आधी गळ टाकू नका, पाणी बघा. जिथे वेगाचं पाणी आणि संथ पाणी एकमेकांना घासतं तिथे पृष्ठभागावर एक रेघ दिसते. बास त्या रेघेच्या संथ बाजूला तोंड वर करून थांबतो आणि वाहत आलेलं उचलतो. ही रेघ कित्येकदा काठाच्या दगडांपासून वीस-तीस फुटांवर असते. नवीन माणूस जोर लावून खूप लांब फेकतो आणि मासा त्याच्या पायाशी असतो.

सामान फार लागत नाही. नऊ-दहा फुटी मध्यम-जड रॉड, ४००० किंवा ५००० आकाराचा स्पिनिंग रीळ, त्यावर वीस पौंडी तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी. मुख्य दोरीत सरकता स्लायडर ओवायचा, त्याला शिसं. मग एक मणी, मग स्विव्हल (फिरती कडी), आणि स्विव्हलच्या पुढे दोनेक फूट जाड, तीस पौंडी तंगूस आणि गळ. मासा आमिष घेऊन निघाला की दोरी स्लायडरमधून सरकते आणि त्याला शिशाचं ओझं जाणवत नाही. शिसं प्रवाह बघून तीन ते सहा औंस. मार्टीनेझचा काठ मोठ्या दगडांचा आहे, शिसं त्यात अडकतंच. म्हणून स्लायडर आणि शिसं यांच्यामध्ये मी वीतभर दहा पौंडी कच्ची दोरी बांधते. अडकलं तर शिसं तुटतं, मासा आणि बाकीचं सामान हातात राहतं.

गळ मी वर्तुळाकार वळलेला, पाच-शून्य (5/0) किंवा सहा-शून्य (6/0) आकाराचा वापरते. तो बहुतेक वेळा जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, पोटात जात नाही. लहान मासा जिवंत सोडायचा असेल तर याला पर्याय नाही.

आमिष बर्फातले तारली, अँकोव्ही किंवा शॅड. बाबा जिताड्याला जिवंत बोईट लावायचे, पण इथे कुठला जिवंत मासा कुठल्या पाण्यात आमिष म्हणून चालतो याचे नियम कडक आहेत, म्हणून मी त्या वाटेला जात नाही. आमिषाचा ताजेपणा मात्र तपासा. एकदा एका दुकानातून दोनदा वितळून पुन्हा गोठवलेल्या तारल्या मला मिळाल्या. पहिल्याच फेकीत आमिष गळावरून उडून गेलं, आणि अख्खी ओहोटी वाया गेली. डोळा स्वच्छ, पोट घट्ट आणि कापल्यावर रक्त लाल दिसलं तरच घ्या. तारलीचा तिरका तुकडा कापायचा, गळ दोनदा आरपार ओवायचा, टोक उघडं ठेवायचं आणि वरून इलॅस्टिकच्या बारीक दोऱ्याचे आठ-दहा वेढे घालायचे. वीस-पंचवीस मिनिटांनी आमिष बदला. पाण्यात धुवून पांढरा पडलेला तुकडा बासला नको असतो.

रॉड दगडाला नुसता टेकवून ठेवू नका. माझा पहिला रॉड असाच गेला. मी चहाचं झाकण उघडत होते, टोक एकदा वाकलं, आणि रॉड रीळसकट दगडांवरून घसरत पाण्यात. आता रॉड उभा ठेवायला नळीचा स्टँड, रीळाला बांधलेली दोरी आणि थोडा सैल ड्रॅग (रीळाचा ब्रेक), यातलं एकही मी सोडत नाही.

बासची पहिली हालचाल बारीक असते, टोकाला दोन टकटक. थांबा. रॉड वाकून वाकलेलाच राहिला की उचला आणि नुसतं गुंडाळायला लागा. वर्तुळाकार गळाला झटका दिलात तर तो तोंडातून निसटून येतो, ही सवय मोडायला मला एक अख्खा मोसम लागला. मासा ओढेल तेव्हा ओढू द्या, थांबेल तेव्हा गुंडाळा, पण दोरी ढिली पडू देऊ नका. काठाशी आल्यावर तो दगडांत शिरायला शेवटची धाव घेतो, तेव्हा रॉड उंच. लांब दांड्याचं जाळं हवंच, ओल्या दगडांवरून खाली उतरून मासा हाताने काढायला जाऊ नका.

धरताना अंगठा खालच्या जबड्यात घाला, दात खरकागदासारखे असतात, कापत नाहीत. कापतं ते कल्ल्याचं झाकण. त्याची कड सुरीसारखी असते, माझ्या करंगळीवर अजून व्रण आहे. मोजताना तोंड मिटवून, फळीवर आडवा ठेवून, शेपटीच्या लांब टोकापर्यंत मोजा. साडेसतरा भरला तर तो परत पाण्यात, ओल्या हातानेच. आणि जो ठेवायचा तो लगेच डोक्यात मारून, कल्ले कापून रक्त काढून बर्फात घाला. बादलीत तडफडत ठेवलेल्या माशाची चवही जाते.

कधीतरी दोरी वेगळीच जड होईल, आणि वर येईल लांब नाकाचा, पाठीवर हाडांच्या ढाली असलेला पांढरा स्टर्जन. हा इथला फार जुना रहिवासी आहे आणि त्याचे दिवस वाईट आहेत, २०२४ पासून त्याच्यावरचे नियम आणखी कडक झाले. त्याला पाण्याबाहेर काढू नका, फोटोसाठी तर मुळीच नाही. पाण्यातच गळ सुटला तर ठीक, नाहीतर दोरी तोंडाजवळ कापा. सॅमनचं पिल्लू लागलं तरी हेच करा.

निघताना बादलीतलं पाणी जमिनीवर ओता. जाळं आणि बूट घरी धुवून पूर्ण वाळवा, मगच दुसऱ्या तळ्यावर न्या. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये स्टॉकटनच्या बंदराजवळ सोनेरी शिंपला सापडला, उत्तर अमेरिकेत पहिल्यांदाच. त्याची पिल्लं डोळ्याला दिसत नाहीत आणि ओल्या सामानातून फिरतात. एका पाण्यातला जीव दुसऱ्या पाण्यात नेऊन काय होतं, ते आपण गळाला लावूनच घरी नेतोय.

घरी नेल्यावर कोणी खायचा हा प्रश्न आहेच. या माशात पारा असतो. राज्याचा आरोग्यविषयक सल्ला असा, की मुलांनी आणि मूल होण्याच्या वयातल्या बायकांनी सॅन फ्रान्सिस्को खाडीतला पट्टेरी बास खाऊ नये. माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. तो मासा पकडतो, साफ करतो, आणि जेवायला त्याला बाजारातला दुसरा मासा मिळतो. त्याला वाईट वाटतं, मलाही वाटतं, पण यात मी सूट देत नाही. मोठ्या, जुन्या माशात पारा जास्त साठतो, म्हणून तीस इंचांवरचा मी घरी आणत नाही. पन्नाशी ओलांडल्यापासून मी खाते ती बेतानेच.

कातडी काढा, पोटाची चरबी काढा, आणि मांसाच्या बाजूने जाणारी काळपट लाल पट्टी कापून टाका. उग्र वास तिथेच असतो, आणि चरबीबरोबर त्यात साठलेली काही रसायनंही जातात. पारा मात्र मांसात असतो, तो कापून जात नाही. मग मीठ, हळद, कोकमाचं आगळ लावून अर्धा तास. मांस पांढरं आणि मोठ्या पाकळ्यांचं असतं, तांदळाच्या पिठात घोळवून तळलं तर उत्तम. कालवण करायचं असेल तर लसूण तेलात लाल करा, वाटण आणि चिंचेचा कोळ उकळू द्या, तुकडे शेवटी टाका. सात-आठ मिनिटं पुरतात. जिताड्यापेक्षा हा लवकर फुटतो, म्हणून डाव घालू नका, पातेलं दोन्ही हातांनी धरून हलवा.