व्हिटवर्थ पद्धतीने सपाट पृष्ठभाग कसा घडवावा

जोसेफ व्हिटवर्थ (१८०३–१८८७) हे नाव जुन्या फिटरांना स्क्रूच्या ५५ अंशांच्या आट्यांमुळे ठाऊक असते. माझ्या मते मात्र त्यांचे अधिक मूलभूत काम सपाट पृष्ठभागाचे आहे, कारण काटेकोर मोजमाप त्यावरच उभे राहते. लंडनमध्ये यंत्रनिर्माते हेन्री मॉड्स्ले यांच्या कारखान्यात काम करून १८३३ मध्ये मँचेस्टरला स्वतःचा कारखाना काढणाऱ्या या अभियंत्याने १८४० मध्ये ग्लासगोच्या परिषदेत आग्रहाने मांडले की, प्लेटी एमरी या कठीण खनिजाच्या पुडीने एकमेकींवर घासू नयेत, तर स्क्रेपरने खरवडाव्यात; एमरीची पूड सारखी पसरत नाही आणि नको तेथेही धातू झिजवते.

त्यासाठी मागून फासळ्या असलेल्या, रंधून घेतलेल्या, बिडाच्या तीन चौरस प्लेटी घ्याव्यात आणि प्रत्येकीला तीनच टेकू द्यावेत, म्हणजे ती स्वतःच्या वजनाने पिळली जाणार नाही. पहिलीवर प्रशियन ब्लू या निळ्या रंगाचा अत्यंत पातळ थर द्यावा, दुसरी तिच्यावर पालथी ठेवून किंचित सरकवावी, आणि दुसरीवर जेथे रंग उमटेल तेवढेच उंचवटे खरवडावेत. तिसरीही अशीच पहिलीशी जुळवावी.

येथे घाईने समाधान मानू नये. पहिली मध्यभागी फुगीर असेल, तर तिच्याशी जुळलेल्या दुसरी व तिसरी दोन्ही खोलगट झालेल्या असतात; त्या एकमेकींवर ठेवताच रंग फक्त कडांना लागतो आणि लपलेला दोष दुप्पट होऊन समोर येतो. दोन प्लेटींनी हे कधीच कळले नसते. दोष दोघींत सारखा असल्याने दोन्ही सारख्याच खरवडाव्यात. पुढच्या फेरीत दुसरी प्रमाण धरून पहिली तिच्याशी जुळवावी, मग पहिली व तिसरी एकमेकींशी ताडून पाहाव्यात. त्यानंतर तिसरी प्रमाण धरावी. प्रत्येक फेरीत खरवडण्याची दिशा बदलावी.

एक दोष मात्र यातूनही निसटतो: तिन्ही प्लेटी एकाच दिशेने पिळलेल्या असल्या तरी त्या परस्परांशी बिनचूक जुळतात. म्हणून वरची प्लेट ९० अंशांत फिरवूनही रंग घ्यावा. हाताच्या उबेनेही धातू फुगतो, तेव्हा शेवटच्या फेऱ्यांत प्लेटी निवू द्याव्यात, आणि कोणतीही जोडी कशीही फिरवली तरी ठिपके सर्वत्र सारखे व दाट उमटू लागले की खरवडणे थांबवावे.