उंची बदलणारी चित्रचौकट

बडोद्याच्या महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात रविवर्म्याची चित्रे पाहिल्यावर घरीही चित्रे बदलून लावावीशी वाटतात, पण दर वेळी नवी फ्रेम करणे खर्चिक पडते. आडवा ए-३ आणि उभा ए-२ या दोन्ही कागदांची रुंदी ४२ सेंटिमीटरच असते. उंची मात्र २९.७ आणि ५९.४, म्हणून फक्त खालची पट्टी सरकती ठेवावी. दोन उभ्या पट्ट्यांमध्ये तीस सेंटिमीटरहून थोडी लांब आरपार खाच पाडावी, त्यांच्या माथ्याला वरची पट्टी पक्की करावी आणि खालची पट्टी हाताने आवळता येणाऱ्या नटबोल्टने खाचेत बसवावी. आडव्या पट्ट्यांच्या खोबणीत पाठपुठ्ठ्यासह चित्र सरकवावे, परंतु नट आवळताना खालची पट्टी चित्राला घट्ट भिडवू नये, खोबणीत थोडी जागा मोकळी ठेवावी. पावसाळ्यात कागद ओल धरून फुगतो आणि मोकळी जागा नसल्यास मधोमध फुगवटा येतो. लहान चित्राखाली उरणाऱ्या उभ्या पट्ट्या मला खटकतात, तेव्हा त्या भिंतीच्या रंगात रंगवाव्यात.